किंताम्पो: एक गाव, एक महामार्ग आणि दीडशे वर्षांची उलाढाल

#थ्रेड #इतिहास #आफ्रिका

१. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या नकाशावर साधारण मध्यावर बोट ठेवले, तर ते किंताम्पो या गावापाशी टेकते. देशाचा मध्यबिंदू म्हणूनच हे गाव ओळखले जाते. येथून एन-१० हा राष्ट्रीय महामार्ग जातो. कुमासी, तेचिमान, किंताम्पो, बुईपे, तमाले, बोल्गाटांगा असे टप्पे घेत तो उत्तरेस पागा येथे बुर्किना फासोच्या सीमेला भिडतो. आजचा थ्रेड या गावाचा आणि या वाटेचा. 🧵

२. महामार्ग येथूनच का गेला? 'गाव मध्यावर आहे म्हणून' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. दीडशे वर्षांपूर्वी या प्रदेशातील व्यापाराचे केंद्र किंताम्पो नव्हते. ते पूर्व-ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवरील सालागा या गावी होते. तेथली पेठ उठली आणि येथे भरू लागली, ती एका युद्धामुळे आणि त्या युद्धानंतर घेतल्या गेलेल्या एका राजकीय निर्णयामुळे.

३. आधी भूगोल पाहू. घानाच्या दक्षिणेस दाट पर्जन्यवन आहे. उत्तरेस सवाना, म्हणजे तुरळक झाडांचा गवताळ प्रदेश. किंताम्पो या दोहोंच्या शिवेवर वसले आहे. ही शीव माणसाला फार पूर्वीपासून मानवली. इसवी सनापूर्वी सुमारे २५०० ते १४०० या काळात येथे व आसपासच्या विस्तृत प्रदेशात बाजरी व चवळी पिकवणाऱ्या, तेलताडाची फळे वापरणाऱ्या वस्त्या होत्या. पुरातत्त्वज्ञ त्या संस्कृतीला 'किंताम्पो संस्कृती' म्हणतात. गुळगुळीत घासलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि भाजक्या मातीच्या लहान मूर्ती ही तिची ओळख.

४. मध्ययुगापासून या शिवेला महत्त्व आले ते एका फळाच्या बीमुळे. ती कोला. कोलाची झाडे दक्षिणेच्या जंगलात वाढतात. तिला मागणी मात्र उत्तरेच्या कोरड्या प्रदेशात. ती चघळली की तरतरी येते, भूक-तहान काही काळ लांबते. मद्य निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम समाजांत तिला मोठा मान मिळाला. पाहुण्यापुढे कोला ठेवायची, लग्नाच्या बोलणीत कोला वाटायची, बारशाला कोला द्यायची. आपल्याकडच्या पानसुपारीची आठवण व्हावी, असाच हा रिवाज.

५. १८०४मध्ये उस्मान दान फोदिओ यांनी हौसा प्रदेशात धर्मयुद्ध पुकारले. त्यातून सोकोटो खिलाफत उभी राहिली. आजच्या उत्तर नायजेरियातील या विशाल राज्यात कोलाची मागणी वाढतच गेली. हौसा व्यापाऱ्यांचे तांडे शेकडो किलोमीटर चालून असांते राज्याच्या सीमेवर येऊ लागले. कोला लवकर सुकते. म्हणून ती ओलसर पानांत गुंडाळून, वाटेत पाने बदलत न्यावी लागे. कोलाच्या व्यापारात फायदा होता, तशी जोखीमही होती.

६. आता एक माशी. जंगलपट्ट्यातील त्सेत्से माशी ओझ्याच्या जनावरांना जीवघेणा रोग देते. उत्तरेकडून गाढवांवर आलेला माल जंगलात गाढवांवर जाऊ शकत नसे. जंगलातून बाहेर येणारी कोला माणसांच्या डोक्यावरूनच येई. त्यामुळे जंगलाची हद्द आणि गवताळ रान जेथे मिळतात, त्या पट्ट्याच्या आसपास माल हस्तांतरित करणारी पेठ भरणे अपरिहार्य होते. पेठेचा पट्टा निसर्गाने ठरवला; त्या लांबलचक पट्ट्यातले नेमके गाव मात्र त्याने ठरवले नाही.

७. ते ठरवले असांते राजसत्तेने. अठराव्या शतकात कुमासी ही तिची राजधानी एका मोठ्या साम्राज्याचे केंद्र झाली. इतिहासकार आयव्हर विल्क्स यांनी कुमासीतून चहूदिशांना फुटणाऱ्या आठ राजमार्गांचे वर्णन केले आहे. या मार्गांवर ठिकठिकाणी पहारे असत. कोण येतो, काय आणतो, कोणाला पुढे सोडायचे, याचा निर्णय तेथे होई. रस्ता खुला करणे किंवा बंद करणे हे असांते राजवटीचे, सैन्याइतकेच परिणामकारक, शस्त्र होते.

८. उत्तरेच्या व्यापाऱ्यांनी थेट जंगलात शिरू नये, सीमेवरच सौदा करावा, असे धोरण एकोणिसाव्या शतकात घट्ट होत गेले. त्यातून गोंजा राज्यातील सालागा भरभराटीस आले. गोंजा असांतेचे मांडलिक होते. सालागाच्या बाजारात कोला, मीठ, कापड, गुरे, कातडे यांची उलाढाल चाले. हौसा, मोसी, वांगारा अशा अनेक समाजांचे लोक तेथे वस्ती करून राहिले.

९. सौदे होत ते मुख्यतः कवड्यांवर. येथे आपल्या हिंदी महासागराचा धागा या गोष्टीत गुंफला जातो. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चाललेल्या कवड्या प्रामुख्याने मालदीव बेटांच्या. भारतीय बंदरांतून त्या युरोपीय जहाजांवर चढत आणि युरोपमार्गे गिनीच्या किनाऱ्यावर उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झांझिबारकडील मोठ्या कवड्यांचा पूर आला आणि कवडीचे मोल घसरले. 'कवडीमोल' हा आपल्या बोलण्यातला शब्द त्या बाजारपेठांत अक्षरशः अनुभवला गेला.

१०. याच बाजारात माणसेही विकली जात. ही बाब तळटीपेत ढकलता येणार नाही. ब्रिटनने १८०७मध्ये गुलामांचा सागरी व्यापार बेकायदा ठरवला, तरी आफ्रिकेच्या अंतर्भागातील खरेदी-विक्री थांबली नाही. उत्तरेत पकडलेले स्त्रीपुरुष सालागात विकले जात. कोणाला असांतेच्या शेतांवर, कोणाला ओझी वाहण्यासाठी, तर कोणाला किनाऱ्याकडे नेले जाई. जंगलातून डोक्यावर येणाऱ्या कोलाच्या टोपल्यांखाली पुष्कळदा गुलामांचीच डोकी होती.

११. मग १८७४ उजाडले. सर गार्नेट वुल्सली यांच्या ब्रिटिश फौजेने ४ फेब्रुवारी रोजी कुमासीत प्रवेश केला आणि शहर जाळले. त्याच महिन्यात फोमेना येथे तह झाला. ५०,००० औंस सोन्याची खंडणी हे त्यातले प्रसिद्ध कलम. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरे एक कलम अधिक बोलके आहे: कुमासी ते प्रा नदी ही वाट राजाने सदैव खुली ठेवावी आणि १५ फूट रुंदीपर्यंत झाडझाडोरा साफ ठेवावा.

१२. हे कलम नीट पाहावे. विजेत्याने मागितलेल्या गोष्टींत रस्त्याची रुंदी आहे! रस्ता बंद करण्याचा अधिकार हा असांते सत्तेचा कणा होता, हे ब्रिटिशांनी अचूक ओळखले होते. दक्षिणेची वाट त्यांनी तहाने उघडून घेतली. उत्तरेची मात्र अजून कुमासीच्या हाती होती आणि लवकरच ती वापरण्याची वेळ आली.

१३. असांते हरले, ही वार्ता उत्तरेत पोहोचताच मांडलिक राज्ये उठली. सालागात असांते लोकांची कत्तल झाली. कुमासीने त्याला उत्तर दिले ते कोलाने. सालागाकडे जाणारा पुरवठा तोडण्यात आला आणि व्यापार पश्चिमेकडे, न्कोरान्झाच्या हद्दीतील किंताम्पोकडे वळवण्यात आला. ज्या राज्याची राजधानी नुकतीच जळाली होती, त्याच्याकडे अजून एवढी ताकद होती की वाट फिरवून ते एका पेठेला उतरती कळा लावू शकत होते आणि दुसरी वसवू शकत होते.

१४. किंताम्पो काही वर्षांतच गजबजले. तांड्यांसोबत आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. अशा वस्तीला घानात 'झोंगो' म्हणतात. मूळ हौसा शब्द 'झांगो'. अर्थ तांड्याचा तळ, पडाव. नावातच तात्पुरतेपणा आहे, पण हे पडाव पिढ्यान्पिढ्या टिकले. हौसा भाषा बाजाराची भाषा झाली, मशिदी उभ्या राहिल्या. १८८७ ते १८८९ या काळात नायजर नदीपासून गिनीच्या आखातापर्यंत प्रवास करणारे फ्रेंच अधिकारी लुई-गुस्ताव्ह बँजे यांनी सालागा आणि किंताम्पो ही दोन्ही गावे पाहिली.

१५. सालागाचे दुर्दैव तेथेच थांबले नाही. १८९१-९२मध्ये सत्तेच्या वादातून तेथे यादवी झाली. अनेक व्यापारी व विद्वान गाव सोडून आग्नेयेस केटे-क्राची येथे गेले. अल-हाज उमर हे त्यांच्यापैकी सर्वांत ख्यातनाम. जन्म कानोचा, घराणे कोलाच्या व्यापाऱ्याचे. युरोपीय सत्ता कशी पसरत गेली, यावर त्यांनी काव्य रचले. १९३४मध्ये केटे-क्राची येथेच त्यांचे निधन झाले. व्यापाराच्या वाटेने केवळ माल येत नव्हता. ग्रंथ आणि विद्याही येत होती, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

१६. त्या सुमारास नकाशावर रेघोट्या ओढल्या जात होत्या. १८८८मध्ये ब्रिटन व जर्मनी यांनी सालागाचा परिसर 'तटस्थ प्रदेश' ठरवला. १८९९मध्ये तो वाटून घेतला. ब्रिटिशांच्या वतीने उत्तरेतील राज्यांशी करार करणारा, नकाशे आखणारा प्रमुख अधिकारी आफ्रिकीच होता: अनोमाबोचे जॉर्ज एकेम फर्ग्युसन. १८९७मध्ये वा या गावाजवळ ते मारले गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे ३२-३३ वर्षांचे.

१७. १८९६मध्ये असांतेहेने, म्हणजे असांतेचे राजे, प्रेम्पे पहिले यांना ब्रिटिशांनी पकडून देशाबाहेर नेले. १९००च्या उठावाचे नेतृत्व राजमाता या आ असांतेवा यांनी केले; तो उठाव मोडल्यावर राज्य वसाहतीत विलीन झाले. आता उत्तरेच्या व्यापाऱ्याला अडवणारे कोणी उरले नाही. तो थेट कुमासीला जाऊ शकत होता. ज्या निर्बंधामुळे किंताम्पोची पेठ वसली होती, तो निर्बंधच गेला. साहजिकच पेठही ओसरली.

१८. दुसरा धक्का वाफेच्या यंत्राने दिला. १९०३मध्ये किनाऱ्यावरून आलेला लोहमार्ग कुमासीला पोहोचला. पुढे लागोस ते कानो असा नायजेरियाचा लोहमार्गही तयार झाला. मग कोला कुमासीहून किनाऱ्यावर, तेथून आगबोटीने लागोसला आणि पुन्हा आगगाडीने कानोला जाऊ लागली. नकाशावर हा वळसा प्रचंड दिसतो; तरी पायी तांड्यापेक्षा तो सोयीचा ठरला. गाढवांची वाट हळूहळू सुनी होत गेली.

१९. कुमासीच्या उत्तरेस मात्र रूळ कधीच गेले नाहीत. योजना झाल्या, प्रत्यक्षात काही आले नाही. दक्षिणेत सोने होते, कोको होता, म्हणून तेथे लोहमार्ग. उत्तरेकडून हवे होते ते मनुष्यबळ. तरुण पायी चालत दक्षिणेच्या खाणींत व कोकोच्या मळ्यांत मजुरीला जात. उत्तरेतील रस्ते बहुतांशी स्थानिक प्रमुखांकरवी घेतलेल्या वेठबिगारीतून झाले. घानातील उत्तर-दक्षिण विषमतेची चर्चा आजही होते. तिच्या मुळाशी ही मांडणी आहे.

२०. मोटारीच्या युगात सालागाला पुन्हा एक संधी मिळाली होती. वसाहतकाळात कुमासीहून एजुरा, येजी आणि सालागा असा तमालेला जाणारा रस्ता महत्त्वाचा होता. येजीला व्होल्टा नदी फेरीने ओलांडायची. पण स्वातंत्र्यानंतर अकोसोम्बो येथे धरण बांधले गेले, १९६५मध्ये ते पूर्ण झाले आणि मागे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे सरोवर पसरले. सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडावी लागली. येजीपाशी नदीच्या जागी विस्तीर्ण पाणी आले.

२१. किंताम्पोच्या बाजूस बुईपे येथे काळी व्होल्टा पुलावरून ओलांडता येते. फेरीची वाट पाहत थांबणे अवजड मालमोटारींना परवडत नाही. त्या पुलाकडे वळतात. अशा रीतीने उत्तरेचा मुख्य मार्ग पुन्हा किंताम्पोतून गेला आणि सालागा पुन्हा आडवाटेला राहिले. १८७४नंतर हा कौल एका राजाने दिला होता. १९६५नंतर तो एका धरणाने दिला. दोन्ही वेळी सालागाला कोणी विचारले नव्हते.

२२. आता झोंगोकडे परत येऊ. ज्यांच्या पायांनी ही वाट मळली, त्यांचे पुढे काय झाले? १८ नोव्हेंबर १९६९ रोजी पंतप्रधान कोफी बुसिया यांच्या सरकारने 'परकीय अनुपालन आदेश' काढला. निवासाचा परवाना नसलेल्या परकीयांनी दोन आठवड्यांत देश सोडावा, असा तो हुकूम. लाखो लोक गेले. त्यांत नायजेरियाचे सर्वाधिक. घानातच जन्मलेले, आजोबांच्या काळापासून दुकान चालवणारे लोकही त्या आदेशाच्या कचाट्यात सापडले.

२३. १४ वर्षांनी काटा उलटा फिरला. १९८३मध्ये नायजेरियाने परवाना नसलेल्या परदेशीयांना बाहेर काढले. त्यांत दहा लाखांच्या आसपास घानावासी होते. हाती लागेल ते सामान ज्या चौकटीदार प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ते निघाले, त्या पिशव्यांना नायजेरियात 'घाना मस्ट गो' हेच नाव पडले. तशा पिशव्या आपल्याकडच्या कोणत्याही रेल्वे फलाटावर दिसतात. तेथे मात्र तिच्या नावातच हद्दपारी आहे.

२४. विशेष म्हणजे या दोन घटनांच्या मधल्या काळातच पश्चिम आफ्रिकी देश मुक्त संचाराची भाषा बोलू लागले होते. १९७५मध्ये 'इकोवास' ही संघटना स्थापन झाली. १९७९च्या करारनाम्याने सदस्य देशांच्या नागरिकांना ९० दिवस व्हिसाविना फिरण्याची मुभा दिली. कागदावरचा रस्ता खुला झाला, तरी माणसांच्या मनातील आणि सरकारांच्या धोरणांतील पहारे लगेच उठले नाहीत.

२५. आज बुर्किना फासोसारख्या, समुद्रकिनारा नसलेल्या देशाचा माल तेमा बंदरातून याच महामार्गाने वर चढतो. तेथील टोमॅटो याच वाटेने कुमासी व आक्राच्या बाजारांत उतरतात. आणि याच वाटेने उत्तरेच्या मुली दक्षिणेच्या बाजारांत हमालीसाठी जातात. त्यांना 'कायायेई' म्हणतात: 'काया' हा हौसा शब्द, अर्थ ओझे, 'येई' हा आक्राच्या गा भाषेतला शब्द, अर्थ स्त्रिया. त्सेत्से माशीचे कारण केव्हाच उरले नाही. ओझे मात्र अजून डोक्यावर आहे आणि ते वाहणारे डोके अजून उत्तरेचेच आहे.

२६. या रस्त्याची किंमत दुसऱ्या प्रकारेही मोजावी लागते. फेब्रुवारी २०१६मध्ये किंताम्पोजवळ प्रवासी बस आणि टोमॅटोने भरलेली मालमोटार समोरासमोर धडकली. मार्च २०१९मध्ये याच परिसरात दोन बस एकमेकींवर आदळल्या. प्रत्येक अपघातात पन्नासहून अधिक माणसे दगावली. उत्तरेला लोहमार्ग नाही. त्यामुळे देशाच्या दोन भागांना जोडणारा सारा भार, माल आणि माणसे, डांबराच्या एका पट्टीवर येतो. शंभर वर्षांपूर्वी न टाकलेल्या रुळांचा हिशेब असा आजच्या बातम्यांत निघतो.

२७. तात्पर्य काय? नकाशावरील रस्त्याची रेघ आपण भूगोल म्हणून वाचतो. किंताम्पो सांगते की ती निर्णय म्हणून वाचावी. निसर्गाने एक पट्टा दिला, एवढेच. त्या पट्ट्यातले कोणते गाव वाटेवर यायचे, कोणाला अडवायचे, रूळ कोठे थांबवायचे, कोणाला परका म्हणायचे, हे सारे माणसांनी ठरवले. म्हणूनच किंताम्पो मध्यावर आहे, हे उत्तर पुरत नाही. सालागाही या पट्ट्यापासून फार लांब नव्हते.

२८. मित्रहो, एक सुचवावेसे वाटते. आपल्या परिसरातील एखादा महामार्ग घ्या आणि तो पूर्वी कोठून जात होता, याचा शोध घ्या. जुनी पेठ कोणती, ती का मोडली, वाट कोणी वळवली आणि ओझी कोणी वाहिली, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे जिल्हा गॅझेटिअरमध्ये, जुन्या नकाशांत आणि गावातल्या वयोवृद्धांपाशी सापडतील. जे हाती लागेल ते येथे उत्तरात अवश्य लिहा. इति.